गाडीचं नाक

खासबाग, बेळगाव
५ ऑक्टोबर

प्रिय मंगल,

फोन अंबुबाई वहिनी उचलतात, आणि दर वेळी तू झोपलेली असतेस. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, दिवेलागणीला सुद्धा झोपलेली. आपल्या एवढ्या संसारात तुला दिवसा आडवं झालेलं मी रचना झाली त्या बाळंतपणात तेवढं पाहिलं. म्हणून पत्र लिहितोय. झोपलेल्या माणसाच्या उशाशी पत्र ठेवता येतं, फोन ठेवता येत नाही.

टपालावर माझा भरवसा नाही. पलीकडच्या गल्लीतला भरमू रोज निपाणीची बस नेतो, त्याच्या हाती देतो आहे. "मास्तर, ह्या वयात पत्रं?" म्हणून हसला. पण खिशात घातलं त्यानं, आणि वर हात ठेवून दाखवला.

घरी सगळं ठीक. दूध दोनदा उतू गेलं. जास्वंदीला पाणी घालतो. तुझी चप्पल दारात आहे, ती मी आत घेतली नाही.

गाडी जागेवर आहे, ताडपत्रीखाली. नाकावरची चीर होती तशीच आहे.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण काय लिहू मग? खंडेनवमीला अख्खी गल्ली आपापली वाहनं धुऊन पूजत होती, कुणाची स्कूटर, कुणाचा टेम्पो, दर्जीबुवांचं मशीन. आपल्या दारात त्या दिवशी पहिल्यांदाच गाडी होती, आणि तीही अशी. लाल, दोन दारांची, दोन सीटांची, कापडी छताची. लोक बघायला थांबले होते. तू नवं लुगडं नेसून ताट घेऊन आलीस, हळदकुंकू लावलंस, झेंडूची माळ घातलीस, चाकांखाली लिंबं ठेवलीस. मग नारळ उचललास आणि गाडीच्या नाकावर हाणलास.

गाडीची कातडी फायबरची. नारळ फुटला नाही, गाडी फुटली.

मग मी बोललो. जे बोललो ते सगळ्या गल्लीनं ऐकलं, समोरच्या मालुबाईनं तर कट्ट्यावरून उठून ऐकलं. तू त्या दिवशी एक शब्द बोलली नाहीस. दसऱ्याला सकाळी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पाडव्याला त्या गाडीकडनंच ओवाळून घ्या." लोक सीमोल्लंघनाला गावाच्या वेशीपर्यंत जाऊन परत येतात. तू थेट भावाच्या घरी, निपाणीला.

आणखी एक अडचण. किल्ली सापडत नाही. पूजेच्या ताटात ठेवली होती. कॅम्पातल्या मेजरसाहेबांनी गाडी देताना एकच किल्ली दिली, दुसरी त्यांच्याकडून कधीच हरवलेली. ताट फळीवर आहे, घासलेलं. तुझ्या पदराच्या गाठीत चुकून गेली असेल तर कळव.

तू विचारलं होतंस, सत्तरी आली, आता ही लाल गाडी कशाला? तेव्हा मी "असू दे की" म्हणालो. ते काही उत्तर नव्हे. आता ऐक.

सातवीत होतो. शाळेतून येताना लोंढ्याला रेल्वेचं गेट लागायचं. एकदा गेट पडलेलं, आणि त्यापुढे गोव्याच्या वाटेवर उभी अशीच एक लाल गाडी, बिनछपराची. आत एक साहेब नि शेजारी एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेल्या, संत्रं सोलत होत्या. त्या आठवड्यात आम्हाला शाळेत घोड्याची कविता होती, वाऱ्यावर उधळलेल्या घोड्याची. मला काय झालं देव जाणे, मी गाडीसमोर दप्तर धरून उभा राहिलो आणि ती कविता म्हणायला लागलो. बाईंनी संत्र्याची फोड हातात तशीच धरून ठेवली. साहेब हसत होते, त्या हसत नव्हत्या. मग मालगाडी गेली, गेट वर झालं, आणि त्यांची गाडी निघून गेली. शेवटचं कडवं म्हणायचं राहिलं.

एवढंच कारण आहे. हे सांगायला लाज वाटली म्हणून "असू दे की" म्हणालो.

पाडव्याला येशील ना? तेवढं कळव.

तुझा,
नागेंद्र


खासबाग
९ ऑक्टोबर

प्रिय मंगल,

भरमूनं काल डबा आणून दिला. वरून चिठ्ठी असेल म्हणून मी घाईनं उघडला. आत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, ज्या तू जाताना तुझ्या पिशवीत टाकून घेऊन गेली होतीस, आणि खाली शेंगदाण्याची चटणी. चिठ्ठी नाही. चटणी खाल्ली. गोळी पण घेतली.

शामू मेकॅनिक येऊन गेला. ताडपत्री काढून त्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली, बोटांनी टकटक केलं, आणि म्हणाला, "मास्तर, ही गाडी न्हवं. गौर हाय. वर मुखवटा, आत बांबू."

"चालते की पण छान," मी म्हटलं.

"चालतीया. पण हिला काढणारी कंपनीच मेली की वो कवाची. सामान आणायचं कुठनं? सासर न्हाय, माहेर न्हाय."

मग झाकण उघडून तो आत डोकावत राहिला. रबराचे पाइप वाळून चिरलेत. उंदरानं दोन वायरी कुरतडल्यात. टायर दिसायला नवे, पण जुने होऊन दगडासारखे झालेत, त्यांच्यावर वळणात विसंबू नये म्हणाला. ब्रेकचं तेल काळं. क्लचची तार एका धाग्यावर लटकलेली. मेजरसाहेब गाडी फक्त पुसत होते, चालवत नव्हते, असं त्याचं मत. मी वहीत लिहून घ्यायला लागलो तर म्हणाला, "लिवून काय हुतंय? परीक्षा हाय व्हय?"

रचनानं बेंगळूरहून मला फोनवर एक व्हिडिओ पाठवलाय, जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्या नव्या मालकानं आधी काय करावं असा. त्यातला मुलगा फार चांगलं बोलतो. म्हणतो, वेग वाढवायच्या नादाला पहिल्यांदा लागू नका, आधी गाडी नीट थांबते का बघा. ब्रेक, टायर, मग बाकीचं. हे वाक्य मी दोनदा ऐकलं. गाडीला लागू आहे तसं तोंडालाही लागू असेल.

गल्लीतल्या पोरांची मतं वेगळी. एक म्हणतो, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवा. दुसरा म्हणतो, मागं पंख लावा. मागं पंख! घोड्याच्या कवितेत सुद्धा पंख नव्हते.

शामू म्हणाला, "किल्ली द्या, आवाज ऐकू इंजनाचा."

"नाही किल्ली."

"मग वायर जोडून चालू करतो की. दोन मिंटाचं काम."

"नको."

"का वो?"

"किल्ली येणार आहे."

"कुठनं?"

"निपाणीहून."

शामू हात पुसत म्हणाला, "बरं. तवर आपण पाइप बदलू. किल्ली आल्यावर गाडीनं रडाय नको." दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे पाइप कापून तो इथं बसवणार आहे. बसतील म्हणतो. आणि नाही बसले तर बसवीन म्हणतो.

किल्लीवाला कुलूप बघून नवी किल्ली करून देतो, हे मला माहीत नाही असं नाही. गणपत गल्लीच्या तोंडाशीच बसतो तो.

तुझ्या वडिलांचा तंबाखूचा ट्रक आठवतो का? म्हणजे तुला आठवणारच, मीच विचारतो आहे उगाच. लग्न करून तुला निपाणीहून आणलं ते त्याच ट्रकच्या केबिनमध्ये, तुझा नागोजीदादा गाडी हाकत होता. मागं तुझी रुखवताची भांडी, त्यामागं तंबाखूची पोती. मी वाटभर शिंकत होतो. तवंदीचा घाट चढून वर आलो आणि ट्रकनं वाफ सोडली. नागोजी खाली उतरून शिव्या देत होता, आणि तू, शालू नेसलेली, मुंडावळ्या कपाळावर, खाली उडी मारून चाकांना दगड लावायला लागलीस. मी हार सांभाळत उभा. खाली निपाणीचे दिवे लागत होते. मला एकदम कविता सुचली, म्हणजे म्हणावीशी वाटली, आणि मी सुरू केली. तू दगड उचलता उचलता म्हणालीस, "कविता मागनं. आधी पाणी आणा."

तुझं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

पाडव्याचं काही कळवलं नाहीस.

नागेंद्र


खासबाग
१४ ऑक्टोबर

मंगल,

नाक बरं झालं.

शहापुरातला स्वरूप म्हणून एक माणूस आहे, मंगल कार्यालयांना फायबरचे हत्ती आणि मोर करून देतो. रचनाच्या लग्नात दारावर सोंड वर केलेले दोन हत्ती होते ना, ते त्याच्याच हातचे. गाडी ढकलत त्याच्या अंगणापर्यंत नेली. शामू, मी आणि गल्लीतले दोघे. लोकांनी रस्त्यात विचारलं, काय झालं गाडीला? मी म्हटलं, दवाखान्यात नेतोय.

अंगणात हत्तींच्या रांगेत आपली गाडी उभी. स्वरूपनं चीर घासून रुंद केली. मला वाटलं, संपलं आता. पण मग त्यानं काचेच्या धाग्यांचं कापड पट्टीसारखं कापलं, उग्र वासाच्या रसात बुडवून आतून एकावर एक थर बसवले, वाळवून परत घासलं, पाण्यानं घासलं, आणि रंग मारला. लाल जरा वेगळा आला. सावलीत कळत नाही, उन्हात कळतो.

जाताना म्हणाला, "काका, आता ह्याच्यावर परत नारळ नको हं."

सगळे हसले. मी हसलो नाही.

तुझ्या बाजूच्या सीटचं काम पण करून घेतलं. ती सीट फार खोल होती, बसलं की गुडघे छातीशी येत होते. तुझे गुडघे मला माहीत आहेत. कॅम्पातल्या कुशनवाल्याकडे नेऊन काथ्याचा थर घालून उंच करून घेतली, आणि उतरताना धरायला समोरच्या काचेच्या चौकटीला एक कडी बसवून घेतली. त्यानं विचारलं, "स्पोर्ट्स गाडीला कडी?" मी म्हटलं, हो, कडी.

काम झाल्यावर बसून बघितलं. त्या बाजूनं मी गाडीत पहिल्यांदाच बसलो. चालवणारा तिथून फार जवळ दिसतो, मंगल. त्याचा हात, त्याचं तोंड, कपाळावरची शीर. ओरडला तर किती जवळून ओरडतो ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

रचनाचा फोन आला होता. "पप्पा, विकून टाका ती गाडी. आई येईल." मी विचारलं, आई असं म्हणाली का? तर म्हणाली, "आई म्हणाली, त्यांना विकायला सांगू नकोस."

रात्री जेवण झाल्यावर दोन ओळी सुचल्या त्या पाठवतो:

तुझ्यावाचून ही गाडी
दारात उभी उघडी…

पुढं जमेना. तिसरी ओळ आली की पाठवीन.

पाडवा आता आठवड्यावर आला. फराळाचं काय करू? मालुबाई म्हणाल्या, चकल्या देते. मी नको म्हटलं. चकल्या घेतल्या की तू येणार नाहीस हे मान्य केल्यासारखं होतं.

नागेंद्र


निपाणी
वसुबारस

अहो,

तुमची तिन्ही पत्रं पोचली. अंबुवहिनी मोठ्यानं वाचून दाखवत्यात आणि मधी मधी पदर तोंडाला लावून हसत्यात. नागोजीदादा म्हणतोय, मास्तरचं अक्षर अजून झ्याक हाय.

"दारात उभी उघडी" म्हणून लिवलाय. भरमू सांगत हुता, गाडीवर ताडपत्री हाय, वर दोरी पण बांधलीया. कवितेत तरी खरं बोलावं माणसानं.

गोळ्या घेताय न्हवं?

मालुबाईच्या चकल्या घेऊ नका. तिच्या चकलीत मोहन नसतंय, दात पडतील.

किल्ली चुकून आली न्हाय. म्या घेऊन आले. गाडीत बसून तुम्ही एकटेच कुठं जाताय ते बघायचं हुतं. आता बघितलं. तुम्ही वायर बी जोडू दिली न्हाय, किल्लीवाल्याकडं बी गेला न्हाय. ते मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पण एक लिवते. आबांच्या ट्रकवर दर अमावस्येला नारळ म्या फोडायची. फराक घालत हुते तवापासनं. बंपर लोखंडाचा, एक दणका, दोन तुकडं, सगळ्या तळावरचे ड्रायव्हर माझ्या हातचा नारळ शुभ म्हणायचे. तीच सवय. गाडी कशाची केलीया हे मला कुणी सांगितलं? तुम्ही आणलात, पुसलात, कविता म्हटलात, पण ही फायबरची हाय म्हणून सांगितलात का? त्या दिवशी माझ्या हातचा नारळ आयुष्यात पहिल्यांदा फुटला न्हाय. त्याचंच मला लई वाईट वाटलं हुतं. आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "अक्कल गहाण टाकलीस काय?" समद्यांच्या देखत. मालुबाईच्या देखत.

तुम्ही मास्तर. कागदावर गोड बोलायचं तुम्हाला शिकवायला नको. पण गल्लीत बोललात ते कागदावर कसं फिटंल?

किल्ली पाठवते. म्हणून मी येणार असं समजू नका. पाडव्याचं तुमचं तुम्ही बघा, मी निपाणीतच हाय. सीटचं मात्र बरं केलात. आणि कडीचं.

मंगल


खासबाग
१९ ऑक्टोबर

मंगल,

किल्ली कुंकवाच्या कागदात गुंडाळून आली. किल्लीला अजून कुंकू आहे, पुसलं नाही.

ब्रेकचं तेल, टायर, वायरी, क्लचची तार शामूनं आधीच बदलली होती. गाडी चालू झाली. आधी खोकली, मग थांबली, मग शामू म्हणाला, "दम धरा," आणि मग असा आवाज आला की मालुबाईच्या कट्ट्यावरचं मांजर पळालं. किल्ला तलावाला एक फेरी मारली. छप्पर काढलं होतं. वारा तोंडावर आला. शेजारची उंच सीट रिकामी होती, तिच्यावर मी पाण्याची बाटली ठेवली होती, ती प्रत्येक वळणाला इकडून तिकडे लोळत होती.

तुझं पत्र वाचून काल मी गल्लीत बोलायला गेलो. खरंच गेलो. संध्याकाळची वेळ, कट्ट्यावर सगळी मंडळी. मी मालुबाईंसमोर उभा राहिलो.

"मालुबाई, त्या दिवशी खंडेनवमीला…"

"काय वो मास्तर?"

"नाही, म्हटलं… कचऱ्याची गाडी येऊन गेली का?"

"सकाळीच की."

परत आलो. जन्मभर वर्गापुढं उभा राहून बोलत आलो. तेव्हा दुसऱ्याचे शब्द असायचे, कवितेतले. स्वतःचे चार शब्द कट्ट्यासमोर फुटेनात. तोंडानं जमत नाही, तर काय करावं, हा विचार करत अंगणात बसलो होतो. गाडीचं ते दुरुस्त केलेलं नाक समोर. तेव्हा एक सुचलं. कविता नव्हे.

आज सकाळी शामूला घेऊन उद्यमबागेतल्या कारखान्यांकडे गेलो. तिथल्या एका शेडमध्ये काम चालू आहे. शामूचं आणि माझं भांडण झालंय. तो म्हणतो, "मास्तर, लोक गाडी सुधारत्यात, तुम्ही बिघडवाय निघालाय." आणखी एक गोष्ट तो म्हणाला ती खरी आहे, पण तिची शिक्षा मला होईल, तुला नाही. काय काम ते लिहीत नाही.

पाडव्याला मी निघतो आहे. तू ये असं म्हणत नाही. मी येतोय एवढंच कळवतो. बघून मग ठरव.

नागेंद्र


तवंदी घाट, माथ्यावर
पाडवा, सकाळ

प्रिय मंगल,

गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय, अक्षराला नागोजी झ्याक म्हणणार नाही.

गाडी तापली. कणगल्याच्या पुढं चढ लागला तसा काटा वर सरकत गेला, आणि घाटाच्या माथ्यावर येऊन वाफ सोडली. अगदी तिथंच, जिथं तुमच्या ट्रकनं सोडली होती. रस्ता आता रुंद झालाय, झाडं गेली, पण खाली निपाणी तशीच दिसते. मी चाकांना दगड लावलेत. पाण्याची बाटली सीटवरून लोळत खाली पडली होती, ती काढून ठेवली आहे. इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, शामूनं बजावून सांगितलंय.

शामूनं हेही सांगितलं होतं, की रेडिएटरच्या तोंडावर लोखंड घातलं तर वारा आत जाणार नाही आणि गाडी तापणार. तो बरोबर होता. पण लोखंड घालायचंच होतं.

तर ऐक. गाडीच्या नाकापुढं मी एक बंपर बसवून घेतलाय. ट्रकला असतो तसा, जाड लोखंडी पत्र्याचा, खाली सांगाड्याला वेल्डिंग करून. फायबरला कुठंही टेकत नाही. पिवळे-काळे पट्टे मारून घेतलेत. आणि मधोमध पेंटरकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आहे:

मंगलनं नारळ इथं फोडावा. चूक मास्तरांची होती.

खाली तेच कन्नडमध्ये. कुणाला कळलं नाही असं व्हायला नको.

सकाळी निघताना गाडी गल्लीतून चालत्या माणसाच्या वेगानं नेली. एकच गियर. मालुबाई कट्ट्यावर होत्या. त्यांना मनात वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, एक एक अक्षर लावत, आणि सगळी दारं उघडली. दर्जीबुवा म्हणाले, "मास्तर, परत एकदा हळू न्या, आमच्या हिनं बघितलं न्हाय." मी परत एकदा नेली. माझे कान गरम झाले होते, पण मी खाली मान घातली नाही. शेवटी मालुबाई म्हणाल्या, "जावा, घेऊन या तिला. आणि त्या बाईला सांगा, चकलीचं मोहन मला पण कळतंय." तुझं पत्र मी त्यांना दाखवलं नव्हतं. भरमूनं वाचलं असणार.

काकतीजवळ एका ट्रकवाल्यानं पुढं जाऊन, मागं वळून वाचलं, हॉर्न मारला. हत्तरगीच्या टोल नाक्यावर माणसानं खालची ओळ वाचून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मंगल यारु री?" म्हणजे मंगल कोण. मी सांगितलं, माझी बायको. त्यानं विचारलं, काय केलंत? मागं गाड्यांची रांग लागली होती. तरी मी सांगितलं. सगळं सांगितलं, काय म्हणालो ते पण सांगितलं. त्यानं मान हलवली आणि फाटक वर केलं. संकेश्वरात चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं बाहेर येऊन वाचलं, दोघा-तिघांना बोलावून वाचायला लावलं, आणि त्यांनाही मी सांगितलं. आता सांगायला सोपं जातंय. दर वेळी थोडं सोपं.

गाडी आता स्पोर्ट्स कार राहिली नाही. पोरं म्हणतात, पुढनं ट्रक, मागनं रॉकेट. मेजरसाहेबांनी बघितली तर मला गोळी घालतील. लोंढ्याच्या गेटाशी गाडीत बसलेल्या त्या बाईंनी ही बघितली असती तर हातातलं संत्रं टाकून हसल्या असत्या. हसू देत. त्या गाडीत मला बसायचं होतं. ह्या गाडीत तू बसायला हवीस.

भरमूची बस आत्ता माझ्यामागं येऊन थांबली आहे. सगळे पॅसेंजर खाली उतरून बंपर वाचतायत. भरमू म्हणतो, "मास्तर, स्पोर्ट कार व्हय ही? बसा माझ्या बसमधी, म्याच पोचवतो तुम्हाला वहिनीकडं." मी म्हटलं, मी नाही, पत्र पोचव. तो हॉर्न मारतोय, लिहिणं आवरतो.

इंजिन निवलं की उतार आहे. पोचतोच. ओवाळायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी दारात गाडी उभी करून उतरून बाजूला राहीन. घोड्याच्या कवितेचं शेवटचं कडवं अजून पाठ आहे, पण ते मागनं. आधी नारळ.

मोठा बघून घे. नागोजीच्या घरच्या सगळ्यांना बाहेर बोलाव, शेजारच्यांना पण. आणि एका दणक्यात फुटला नाही, तर मी खासबागेत सगळ्यांसमोर सांगेन की लोखंडच कच्चं होतं.

तुझा,
नागेंद्र